फुटबॉलपटू ते रेसच्या घोड्यांचा ट्रेनर : मिक चॅननबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिक चॅनन नेमका कोण?

इंग्लंडचा आघाडीचा फुटबॉलपटू आणि नंतर तीन दशकं रेसच्या घोड्यांचा ट्रेनर. जन्म २८ नोव्हेंबर १९४८, विल्टशायरमधल्या सॉल्झबरी पठारावरच्या ऑर्चेस्टन गावी. साउदॅम्प्टन क्लबसाठी सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर आहेत, इंग्लंडकडून ४६ सामने आणि २१ गोल. १९९० मध्ये त्याने ट्रेनरचा परवाना घेतला आणि २०२२ च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत अडीच हजारांहून जास्त रेस जिंकणारे घोडे तयार केले. एका माणसाने दोन खेळांत एवढी मजल मारल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

फुटबॉलमधली त्याची कारकीर्द थोडक्यात सांगाल का?

साउदॅम्प्टनच्या पहिल्या संघात तो १९६६ मध्ये आला. वेग हे त्याचं भांडवल. बचावफळीच्या मागे मोकळी जागा दिसली की तिकडे धाव घ्यायची आणि चेंडू आला की थेट गोलकडे निघायचं. गोल झाला की सरळ हात पवनचक्कीसारखा गरागरा फिरवायचा. आजही साउदॅम्प्टनच्या जुन्या प्रेक्षकांना तो त्या हातावरून आठवतो.

१ मे १९७६ रोजी वेम्बलीवर दुसऱ्या श्रेणीतल्या साउदॅम्प्टनने मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकली. बॉबी स्टोक्सचा गोल ८३ व्या मिनिटाला झाला. चॅनन त्या संघात होता. १९७७ मध्ये तो ३ लाख पौंडांना मँचेस्टर सिटीकडे गेला, १९७९ मध्ये परत साउदॅम्प्टनला आला. पुढे नॉर्विच सिटीकडून १९८५ चा लीग कपही जिंकला. इंग्लंडचा संघ १९७४ आणि १९७८ च्या वर्ल्ड कपला पात्रच ठरला नाही, त्यामुळे ४६ सामने खेळूनही चॅननच्या वाट्याला एकही मोठी स्पर्धा आली नाही.

तो फुटबॉलचा कोच किंवा मॅनेजरही होता का?

नाही. हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी आढळतो. बूट काढल्यावर त्याने क्लब चालवायला घेतला नाही, तो घोड्यांकडे वळला.

खेळाचं कोचिंग करून मग घोड्यांकडे वळलेला माणूस हवा असेल तर अमेरिकेत पाहावं लागतं. डी. वेन ल्यूकस हा विस्कॉन्सिनमध्ये शाळेत शिकवायचा, शाळेच्या संघाचा बास्केटबॉल कोच होता, विस्कॉन्सिन विद्यापीठातही सहायक कोच होता. मग घोड्यांकडे वळला. आधी क्वार्टर हॉर्स जातीचे कमी अंतराचे घोडे आणि १९७८ पासून पूर्णपणे थरोब्रेड, म्हणजे मोठ्या रेसमध्ये पळणाऱ्या जातीचे घोडे. अमेरिकेतल्या तीन सर्वात मोठ्या रेस त्याने जिंकल्या : केंटकी डर्बी चार वेळा, प्रीकनेस सात वेळा, बेल्मॉन्ट चार वेळा. शेवटची प्रीकनेस त्याने २०२४ मध्ये 'सीझ द ग्रे' या घोड्यासोबत, वयाच्या ८८ व्या वर्षी जिंकली. २०२५ च्या जूनमध्ये तो गेला. टॉड प्लेचर, कियारन मॅक्लॉफलिन अशी पुढे स्वतः मोठी झालेली माणसं त्याच्या तबेल्यात सहायक होती. आमच्या मते कोचिंगचा खरा वारसा तिथे दिसतो.

चॅनन घोड्यांकडे वळला कसा?

खेळत असतानाच. त्याचे आणि केव्हिन कीगनचे घोड्यांमध्ये भागीदारीचे व्यवहार होते, आणि सरावानंतर जवळच्या तबेल्यांत जाणं चालूच असायचं. पण मालक असणं आणि ट्रेनर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो त्याने ओळखला. थेट आपलं नाव लावून परवाना मागण्याऐवजी तो आधी दुसऱ्या ट्रेनरांच्या हाताखाली सहायक म्हणून राबला. मग १९९० मध्ये मोजक्या घोड्यांवर स्वतःचं काम सुरू केलं. पुढे लँबर्नमध्ये तबेला होता आणि १९९९ मध्ये त्याने बर्कशायरमधली वेस्ट इल्सलीची जागा विकत घेतली. ही जागा आधी इंग्लंडच्या राणीच्या मालकीची होती. मेजर डिक हर्नसारखा ट्रेनर तिथे काम करून गेला होता.

प्रसिद्ध नावामुळे सुरुवातीला मालक भेटतात हे खरं. पण घोडा हरत राहिला तर मालक दुसऱ्या वर्षी दुसऱ्या तबेल्यात घोडा पाठवतो. नावाचा उपयोग एवढाच.

ट्रेनर म्हणजे काय? घोड्यावर तोच बसतो का?

नाही. घोडा मालकाचा. रेसमध्ये त्यावर बसतो जॉकी. रोज सकाळी फिरवायला राइडिंग बॉय किंवा मुली असतात. प्रत्येक घोड्याला खरारा, पाणी, अंथरूण करणारा मोतद्दार. ट्रेनर ठरवतो : कोणत्या घोड्याने आज काय करायचं, किती खायचं, कधी विश्रांती, कोणत्या तारखेला कोणत्या रेसमध्ये, कोणत्या अंतरावर आणि कोणत्या जॉकीसोबत उतरायचं. बक्षीस आलं तर त्यातला ठरलेला हिस्सा त्याला मिळतो. घोडा आजारी पडला तर पहिला प्रश्नही त्यालाच विचारला जातो.

तबेल्यातली सकाळ कशी असते?

रेसच्या घोड्याचं बरंचसं कळतं ते उजाडण्याआधीच. पहाटे पाचच्या सुमाराला पहिली फेरी. सगळ्यात आधी गव्हाण पाहायची. रात्रीची चंदी, म्हणजे दाण्याचं खाणं, उरली असेल तर काहीतरी बिनसलं आहे : दात, पोट, ताप किंवा आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. धडधाकट घोडा सहसा चंदी ठेवत नाही. मग शेण आणि अंथरूण : पेंढा सगळीकडे विस्कटला असेल तर घोडा रात्रभर फेऱ्या मारत होता किंवा पोटदुखीने लोळला होता.

त्यानंतर तापमान. निरोगी घोड्याचं गुदद्वारातलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. याच्या वर गेलं की त्या दिवशी पळवायचं नाही, मग रेस दोन दिवसांवर असली तरी. ताप असलेला घोडा पळवला तर विषाणू फुप्फुसांत बसतो आणि दहा दिवसांचं दुखणं दोन महिन्यांवर जातं.

मग पाय. पुढचा पाय उभा असतानाच गुडघ्याखाली मागच्या बाजूने तळवा वरून खाली नेतात. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) दोरीसारखा घट्ट, थंड आणि दोन्ही पायांत सारखा लागला पाहिजे. मग पाय उचलून, ढिला करून, अंगठा आणि बोटांमध्ये तोच टेंडन हलकेच दाबत खाली यायचं. एका पायात किंचित उष्णता, मध्यावर बोटाला लागणारा छोटा फुगवटा, किंवा दाबताच घोड्याने पाय झटकणं, यातलं एकही असेल तर त्या दिवशी गॅलप, म्हणजे भरधाव पळवणं, बंद आणि अल्ट्रासाउंड. हाताला सवय लागावी लागते, आणि ती रोज त्याच घोड्याच्या त्याच पायावर हात फिरवूनच लागते. काल कसा होता हे ठाऊक असल्याशिवाय आजचा फरक कळत नाही.

मग खोगीर. घोडे गटागटाने बाहेर पडतात, अशा एका गटाला तिथे 'लॉट' म्हणतात. सुरुवातीला चालवणं, मग दुडकी, मग कॅंटर, म्हणजे मध्यम वेगाची धाव. खरी जोरदार गॅलप बहुतेक घोड्यांना आठवड्यातून दोनच दिवस. परतल्यावर श्वास किती मिनिटांत शांत होतो ते पाहायचं, पाणी द्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा पाय तपासायचे.

घोडा दिवसाला किती खातो?

५०० किलोच्या, पूर्ण कामावर असलेल्या घोड्याला कोरडं खाणं साधारण १० ते १२ किलो लागतं. त्यातली ५ ते ७ किलो चंदी, बाकी वाळलेलं गवत. पाणी २५ ते ४५ लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मीठ रोज ३० ते ६० ग्रॅम, कारण घामातून ते भरपूर जातं.

इंग्लंडमध्ये चंदीचा पाया ओट्सचा आणि तयार गोळ्यांचा, आपल्याकडे जुन्या पद्धतीत हरभरा असतो. धान्य कोणतंही असो, एका वेळी २ किलोच्या वर घालू नये हा नियम दोन्हीकडे सारखाच. घोड्याचं जठर अगदी लहान, ८ ते १५ लिटरचं. जास्त धान्य एकदम गेलं तर स्टार्च पुरता न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो, आणि पोटदुखी किंवा खुरांची जळजळ उभी राहते. म्हणून दिवसात तीन-चार वेळा थोडं थोडं. कामाला नेण्याआधी थोडं गवत द्यावं. रिकाम्या पोटात आम्ल उसळून जठराला व्रण पडतात, आणि पळणाऱ्या घोड्यांमध्ये हा त्रास फार.

सुट्टीच्या दिवसाचं एक सांगायलाच हवं. रविवारी काम नसेल आणि शनिवारी रात्री चंदी नेहमीएवढीच घातली, तर सोमवारी काही घोड्यांचे कमरेचे आणि मागच्या पायांचे स्नायू दगडासारखे आखडतात, घाम सुटतो, लघवी गडद तपकिरी होते. तरण्या, बुजऱ्या घोड्यांमध्ये, खासकरून माद्यांमध्ये, हे जास्त दिसतं. अशा वेळी घोड्याला बळेच चालवू नये, होता तिथेच उभा ठेवून पशुवैद्याला बोलवावं. टाळायचं असेल तर सुट्टीच्या आदल्या रात्रीच चंदी निम्म्यावर आणावी आणि गवत वाढवावं.

दोन वर्षांचं शिंगरू रेससाठी कसं तयार करतात?

चॅननचं नाव मुख्यतः याच कामामुळे आहे. दोन वर्षांचे घोडे लवकर तयार करणं ही त्याच्या तबेल्याची खासियत, आणि घोडा धडधाकट असेल तर त्याला तबेल्यात बसवून न ठेवता पळवावं हा त्याचा कल.

थरोब्रेड घोड्याचं वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीला वाढतं, जन्म एप्रिलमधला असला तरी. शिंगरं वर्षाची असताना शरद ऋतूत लिलावात विकली जातात : न्यूमार्केटचा टॅटरसॉल्स कंपनीचा ऑक्टोबरमधला लिलाव इंग्लंडमधला सर्वात मोठा. तिथून आल्यावर चार ते सहा आठवडे अंगवळणी पाडण्याचे. आधी तोंडात लगाम आणि पाठीवर पट्टा, मग माणूस मागून लांब दोऱ्यांनी चालवतो, वळणं आणि थांबणं शिकवतो. मग कोणीतरी पाठीवर नुसतं पोटावर आडवं पडतं, आणि शिंगरू शांत राहिलं तर मग मांड ठोकून बसतं. घाई केली तर त्या घोड्याच्या मनात खोगिराची भीती कायमची बसते.

हिवाळाभर दुडकी आणि हळू कॅंटर. इंग्लंडमध्ये सपाट गवतावरच्या रेसचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो, तेव्हा पहिल्या रेस १००० मीटरच्या, म्हणजे पाच फर्लांगांच्या असतात. फेब्रुवारीपासून शिंगराला थोड्या अंतराच्या जलद धावा सुरू होतात.

मग बिघडतं काय?

पहिलं दुखणं गुडघ्याखालच्या पुढच्या हाडाचं, म्हणजे नळीचं. कोवळं हाड वेगाच्या भाराने पुढच्या बाजूला दुखतं, हात लावताच शिंगरू पाय ओढून घेतं. यावर उपाय काम पूर्ण बंद करणं हा नाही. हाड भार पडेल तसं घट्ट होतं, म्हणून लांबलचक कॅंटर कमी आणि आठवड्यातून थोड्याच, पण जलद धावा, हा क्रम जास्त उपयोगी पडतो. लांबलचक सावकाश काम करून मग एकदम वेग लावणाऱ्या तबेल्यात या तक्रारी जास्त दिसतात.

गुडघ्याच्या लगेच वरच्या हाडाची वाढ पूर्ण झाली नसेल तर एक्स-रेमध्ये वाढीची रेघ उघडी दिसते. अशा शिंगराला शरदापर्यंत थांबवावं.

दुसरं, टेंडन. गुडघ्याखालचा मागचा टेंडन फाटला तर परत यायला नऊ महिने ते वर्ष, आणि पुन्हा तिथेच फाटण्याची शक्यता असतेच. तिसरं, फुप्फुसातला रक्तस्राव : जोराच्या धावेनंतर श्वासनलिकेत रक्त दिसतं, नाकातून येईलच असं नाही, म्हणून रेसनंतर तासाभरात कॅमेऱ्याने श्वासनलिका पाहतात. आणि चौथं म्हणजे सर्दी-खोकल्याचा विषाणू, जो एका घोड्याला झाला की महिनाभरात सगळ्या तबेल्याला होतो. मोसमाच्या मध्यात एखाद्या ट्रेनरचे घोडे अचानक हरू लागले तर यातलं हेच कारण बहुधा असतं.

चढावरच्या गॅलपचा एवढा उल्लेख का येतो?

वेस्ट इल्सली बर्कशायरच्या खडूच्या टेकड्यांवर आहे. खडूतून पाणी झपाट्याने निचरतं, वर शतकानुशतकांचं दाट गवत, त्यामुळे पावसातही जमीन चिखल होत नाही आणि उन्हाळ्यात दगडासारखी होत नाही. अशा चढावर घोडा कमी वेगाने पळूनही त्याचं हृदय सपाटीवरच्या जोराच्या धावेइतकं काम करतं. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४० ठोके असलेलं हृदय कमाल धावेत २२० च्या वर जातं. वेग कमी असल्याने पुढच्या पायांवरचा धक्काही कमी. टेंडन वाचवून फुप्फुसं आणि हृदय कमावायचं असेल तर चढासारखं दुसरं काही नाही.

फुटबॉलचं काय कामी येतं?

सर्वात जास्त कामी येतं ते प्रत्येक शरीराला वेगळं वागवणं. अकराही खेळाडूंना एकच सराव देणारा मॅनेजर संघ मोडतो, तसंच घोड्यांचं. कुणाला आठवड्याला एकच गॅलप पुरते, कुणी दोन गॅलप घेऊनही सुस्त. व्यावसायिक खेळाडूला हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटायच्या आधीचा जडपणा आपल्या अंगावर माहीत असतो. तोच जडपणा त्याला घोड्याच्या चालीत दिसतो.

दुसरं म्हणजे योग्य पातळीवर खेळणं. दुसऱ्या श्रेणीचा संघ पहिल्या श्रेणीत टाकला तर तो दर आठवड्याला मार खातो. घोडाही आपल्या पातळीच्या वर सतत पळवला तर हरायला शिकतो, पळता पळता कान मागे टाकून सोडून देतो. जिथे जिंकेल तिथे नेलं तर तो जिंकायला शिकतो. चॅननला हे मैदानावरून ठाऊक होतं.

जे कामी येत नाही ते एवढंच : खेळाडू सांगतो, घोडा सांगत नाही. दुखतंय का हे विचारता येत नाही, म्हणून पहाटेची ती फेरी आणि पायावरून फिरणारा हात यांना पर्याय नाही.

हँडिकॅप रेस म्हणजे काय, आणि पातळी कशी ठरते?

इंग्लंडमध्ये तीन वेळा पळाल्यावर घोड्याला गुण मिळतात. जास्त गुणांच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, म्हणजे सगळे एका रेषेत पोचावेत असा हिशेब. समजा ८० गुणांपर्यंतच्या रेसमध्ये एक घोडा ८० चा आणि दुसरा ७२ चा : दुसऱ्यावर आठ पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन किलो कमी वजन. एक मैल, म्हणजे सुमारे १६०० मीटरच्या रेसमध्ये एक लांबी (एका घोड्याच्या शरीराएवढं अंतर) म्हणजे अंदाजे दोन पौंड धरतात, त्यामुळे आठ पौंड चार लांब्यांची भरपाई करतात. अंतर कमी झालं की लांबीची किंमत वाढते, पाच फर्लांगांना ती तीन पौंड. ज्या ट्रेनरला आपल्या घोड्याचं खरं अंतर कळलं, त्याला हा हिशेब मित्रासारखा वागतो.

चॅननचे सर्वात गाजलेले घोडे कोणते?

पिकोलोने १९९४ मध्ये नन्थॉर्प स्टेक्स ही रेस जिंकली, पहिल्या आलेल्या घोड्याला बाद ठरवल्यावर, आणि पुढच्या वर्षी किंग्ज स्टँड. टोबूगने २००० मध्ये दोन वर्षांच्या घोड्यांची ड्यूहर्स्ट. क्वीन्स लॉजिकने २००१ मध्ये चेव्हली पार्क. झफीनने २००३ मध्ये सेंट जेम्सेस पॅलेस. समितारने २०१२ मध्ये आयरिश वन थाउजंड गिनीज.

पण एका घोड्यावर थांबायलाच हवं : युम्झेन. पॅरिसजवळच्या लाँगशाँवर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या आर्क द ट्रियॉम्फ या युरोपातल्या अत्यंत मानाच्या रेसमध्ये तो तीन वर्षं ओळीने दुसरा आला. २००७ मध्ये डिलन थॉमसच्या मागे, अवघ्या एका डोक्याच्या अंतराने, आणि मग पंचांच्या चौकशीची लांबलचक वाट. निकाल बदलला नाही. २००८ मध्ये झारकावाच्या मागे. २००९ मध्ये सी द स्टार्सच्या मागे. तिघेही आपापल्या वर्षातले अव्वल घोडे. हा मागून येणारा घोडा, त्याला उशिरा सोडावं लागे, लवकर पुढे आला तर थांबायचा. २४०० मीटरच्या गर्दीत असा घोडा मोकळी वाट मिळण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे जॉकीसाठी तो कठीणच. आम्हाला तीन वेळा दुसरा येणं अपयश वाटत नाही. एकाच घोड्याला सलग तीन ऑक्टोबर त्या दर्जावर, त्या तब्येतीत आणून उभं करणं हे ट्रेनरच्या कामाचं फार मोठं प्रमाण आहे.

फ्रॅन्सिस लीनेही हेच केलं ना?

हो. १९७० च्या वर्ल्ड कपला गेलेला मँचेस्टर सिटीचा आघाडीवीर. त्यानेही चेशायरमध्ये घोडे तयार केले, पण त्याचं मुख्य काम कागदाच्या उद्योगात होतं. १९९४ ते १९९८ तो सिटीचा अध्यक्ष होता.

महालक्ष्मीच्या रेसला जाणाऱ्यांना कोणता फरक दिसेल?

मुंबईत अंतर मीटरमध्ये, इंग्लंडमध्ये फर्लांगमध्ये : एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर. एप्समची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची जूनमध्ये, तर इंडियन डर्बी महालक्ष्मीवर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, चार वर्षांच्या घोड्यांची. म्हणजे आपल्या घोड्याला वाढायला बराच वेळ जास्त मिळतो.

चॅननच्या निवृत्तीनंतर वेस्ट इल्सलीचा तबेला कोणाकडे गेला?

मुलगा जॅककडे. २००८ च्या ऑगस्टमध्ये लिलावाहून परतताना मोटरवेवर झालेल्या अपघातात चॅनन गंभीर जखमी झाला होता, जॅकही त्याच गाडीत होता, आणि सोबतच्या मित्राचा जीव गेला. बरा होऊन चॅनन कामावर परतला आणि पुढे आणखी १४ मोसम घोडे तयार केले. २०२२ च्या अखेरीस परवाना मुलाच्या नावावर गेला. परवान्यासाठी तिथे आता सहायक म्हणून अनुभव, अभ्यासक्रमाचे टप्पे, तबेल्याची तपासणी, पुरेसा पैसा हाताशी असल्याचा पुरावा आणि मुलाखत लागते. जॅक अनेक वर्षं वडिलांचा सहायक होता, त्यामुळे यातला सर्वात लांबणारा टप्पा त्याने आधीच पार केला होता.